सव्वाबाराचा झेंडा

बेल्कीस हानिम खोटं बोलत नाहीत, ही आमच्या इमारतीची सगळ्यात जुनी अडचण. जिन्यातला दिवा गेला तर बदलता येतो, छत गळलं तर डांबर ओतता येतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या या बाईंना कुणी विचारलं, "माझं बोरेक कसं झालंय?" की त्या एक घास चावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "मीठ जास्त. कणीक आत कच्ची. खिमा मात्र ताजा आहे." माझी बायको नूरहयात वीस वर्षं त्यांना विचारतेय आणि वीस वर्षं रागावतेय. तरी दर वेळी पहिली बशी वर त्यांच्याकडेच जाते. हे काय गौडबंगाल आहे ते मला कळलेलं नाही.

मी शुक्रू. तुर्कस्तानात, एस्किशेहिरच्या रेल्वे कारखान्यामागच्या गल्लीत, इमारतीच्या तळमजल्यावर माझं रजया शिवायचं दुकान आहे. लोकर पिंजतो, खोळी भरतो, टाके घालतो. हात लोकर पिंजतात तेव्हा तोंड रिकामं असतं, मग ते गल्ली पिंजतं. लोक मला चहाटळ म्हणतात. म्हणोत. रजई शिवायला टाकून बायका तासभर बसतात त्या काही माझ्या टाक्यांकडे बघायला बसत नाहीत.

तर बेल्कीस हानिम. आमच्याकडे हानिम म्हणजे बाई, बेय म्हणजे राव आणि अबी म्हणजे दादा. वय अडुसष्ट, मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, शेवटची नऊ वर्षं उपमुख्याध्यापिका. नवरा रेल्वेत इंजिनिअर होता, वारला. एकुलती मुलगी इमरेन जर्मनीत, हॅनोव्हरला. बाईंच्या घरात मुरंब्याच्या प्रत्येक बरणीवर तारीख असते. चहा घड्याळ लावून मुरवतात. कोटाच्या कॉलरवर प्रजासत्ताकाच्या संस्थापकाचा बिल्ला, उन्हाळ्यात कोट नसला तर ब्लाऊजवर. राष्ट्रीय सणाच्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला त्यांच्या बाल्कनीत झेंडा लागतो. एरवी तो धुऊन, इस्त्री करून, उशीच्या अभ्र्यात घडी घालून ठेवलेला. आमचे झेंडे त्यांच्यानंतर लागतात, कारण आम्ही त्यांचा बघूनच उठतो.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात बाईंच्या डोक्यात एकच गोष्ट होती. इमरेनला एक्केचाळिसाव्या वर्षी दिवस गेले होते, त्याआधी तीनदा गर्भ राहून पडलेला. सप्टेंबरात बाळ येणार. दोन सप्टेंबरचं विमानाचं तिकीट बाईंनी मे महिन्यातच काढलं आणि फ्रिजच्या दारावर लावलं. लोकरीचे मोजे विणून झाले, माझ्याकडून हातभर लांबीची छोटी रजई शिवून झाली. ती तीनदा परत पाठवली होती, टाके वाकडे म्हणून. बाळाला टाके दिसणार होते की काय!

आणि मग जुलैची ती शुक्रवारची रात्र आली.

लष्करातल्या एका टोळीनं सरकार उलथवायला रणगाडे बाहेर काढले. आमच्या डोक्यावरून विमानं रोजच घरघरत जातात, गावाला लागूनच त्यांचा तळ आहे. त्यामुळे दुसऱ्या शहरांत लोक आवाजानं ताडकन उठले असतील, आम्ही कूस बदलली. मी जागा होतो ते दुसऱ्याच कारणानं. नूरहयातला मी सिगारेट सोडल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे ती घोरायला लागल्याशिवाय मला ओढता येत नसे. आमची इमारत काटकोनात वाकलेली आहे. माझ्या बाल्कनीतून तिसऱ्या मजल्यावरची बेल्कीस हानिमची बाल्कनी तिरपी दिसते, आणि उकाड्यानं सगळ्यांची दारं सताड उघडी होती. त्यांचा टीव्ही मला ऐकू येत होता. निवेदिका वाचत होती, लोकशाही आणि धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताक वाचवण्यासाठी सैन्यानं कारभार हाती घेतलाय. आवाज कापत होता तिचा.

सव्वाबारा वाजले होते. बाई बाल्कनीत आल्या. रात्रीच्या झग्यावर स्वेटर, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी झेंडा कठड्याला बांधला, दोन्ही टोकं ओढून सुरकुती काढली, आणि हात सरळ ठेवून, शाळेच्या मैदानात उभं राहतात तशा ताठ उभ्या राहिल्या. गल्लीत एक मांजर आणि मी. मी सिगारेट मुठीत लपवली, जणू नूरहयातच आली होती.

साडेबाराच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष एका फोनच्या पडद्यावरून टीव्हीवर आले आणि लोकांना म्हणाले, रस्त्यावर या. मशिदींतून हाक सुरू झाली. गल्ली जागी झाली. पहिल्या मजल्यावरचे हाजी रुश्तू चप्पल घालत घालतच चौकाकडे पळाले. पहाटे पावणेतीनच्या सुमाराला अंकारात संसदेवर बॉम्ब पडला. मी तिसऱ्या सिगारेटला बाहेर आलो होतो. बाई पुन्हा बाल्कनीत आल्या, आणि त्यांनी झेंडा सोडला. घाईनं नाही. घडी घातली, छातीशी धरला आणि आत गेल्या. दिवा घालवला.

बंड फसलं. सकाळी सगळ्या गल्लीत झेंडे. बेकरीवर, फार्मसीवर, माझ्या दुकानावर, कचऱ्याच्या गाडीवरसुद्धा. नव्हता तो एका बाल्कनीत, जिथं तो सगळ्यात आधी लागायचा. आमच्या इमारतीचे व्यवस्थापक वेज्दी बेय, रेल्वेतले निवृत्त गार्ड, शिट्टी आजही खिशात असते, ते धापा टाकत वर गेले. "बेल्कीस हानिम, झेंडा? लोक बघतायत."

"या महिन्यात मला तो लावायचा हक्क नाही," बाई म्हणाल्या आणि दार लावलं.

वेज्दी बेयना काही कळलं नाही. ते दुकानात आले, घाम पुसत म्हणाले, "शुक्रू, या बाईला वेड लागलं का रे?"

आता माणसाला एखादी गोष्ट माहीत असते आणि समोरच्याला नसते, तेव्हा पोटात कसं होतं ते ज्याला झालंय त्यालाच ठाऊक. मी म्हणालो, "वेज्दी बेय, तुम्हाला म्हणून सांगतो." आणि सांगितलं. घरी नूरहयातला सांगितलं, कारण बायकोपासून काय लपवायचं? फक्त सिगारेटींचा भाग वगळला. आणि दोन दिवसांनी पटाच्या डावात हाजी रुश्तू मला हरवत होते, त्यांचं लक्ष उडवावं म्हणून त्यांनाही सांगितलं. म्हणजे एकूण तिघांना. प्रत्येकाला फक्त त्याच्यापुरतं.

मग जो उन्हाळा सुरू झाला तसा मी कधी पाहिला नव्हता. बंड एका धर्मगुरूच्या चेल्यांनी केलं असं सरकार म्हणालं आणि चेले शोधायला लागलं. शिक्षक, न्यायाधीश, कारकून, पोलीस, याद्यांवर याद्या निघाल्या. ज्याचं नाव निघालं त्याची नोकरी गेली, पासपोर्ट रद्द झाला. कोण कुठल्या वसतिगृहात राहिला होता, कुणाच्या घरी कुठलं मासिक यायचं, सगळे आठवायला लागले, स्वतःचं विसरायला आणि दुसऱ्याचं आठवायला. भर जुलैत आमच्या इमारतीच्या धुरांड्यातून धूर यायला लागला. न्हाणीघरातले बंब पेटलेले, बाहेर छत्तीस अंश. मी जिन्यात हाजी रुश्तूंना विचारलं, "हाजी अबी, एवढ्या उकाड्यात गरम पाणी?"

"सांधे दुखतात," ते म्हणाले. दाढीत काजळी होती. त्यांचा पुतण्या त्या लोकांच्या वसतिगृहात शिकला होता आणि त्यांच्या मासिकांचे बांधीव अंक हाजींच्या कपाटात हारीनं लावलेले मी स्वतः पाहिले होते. दुसऱ्या मजल्यावरची फार्मसीवाली टिजेन काय जाळत होती ते मला शोधता आलं नाही, याचं वाईट वाटतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी वेज्दी बेयना ठाण्यातून फोन आला. एक निनावी पत्र आलंय. उद्या अकराला फौजदार येतील, सगळ्या बिऱ्हाडांना बसवून ठेवा. बेल्कीस हानिम तेव्हा बाजारात बाळासाठी बडीशेपेची पुडी आणायला गेल्या होत्या. आम्ही पाचजण जिन्यात जमलो.

"पत्रात काय आहे?" टिजेननं विचारलं.

वेज्दी बेयनी लिहून घेतलेला कागद वाचला. "आठ नंबरच्या बेल्कीस या बाईनं बंडाच्या रात्री सव्वाबारा वाजता, बंडखोरांची घोषणा ऐकून झेंडा लावला आणि बंड फसतंय असं दिसल्यावर पावणेतीनला गुपचूप काढला."

सव्वाबारा. पावणेतीन. माझ्याच तोंडून गेलेल्या वेळा. तीन चेहरे माझ्याकडे वळले, आणि चौथा, टिजेनचा, त्या तिघांकडे बघून वळला.

"माझ्याकडे काय बघताय? मी लिहायला बसलो तर एका पानात मावणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

"ते खरंय," नूरहयात म्हणाली. बायकोनं आयुष्यात एकदाच माझी बाजू घेतली ती अशी.

मी एकेकाला मनातल्या मनात पिंजायला लागलो. वेज्दी बेयच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि त्यांना आठ नंबरची जागा हवीय, दक्षिणेची बाल्कनी, हे गल्लीतल्या मांजरालाही माहीत. टिजेनला बाईंनी रसायनात दोनदा नापास केलं होतं. तिला मी सांगितलं नव्हतं, पण नूरहयातला सांगितलं होतं, आणि नूरहयात फार्मसीत रक्तदाब मोजायला जाते तेव्हा दंडाला पट्टा बांधलेला असतो, तोंडाला नसतो. नूरहयातच्या बोरेकबद्दल तर सांगून झालंच आहे.

आणि हाजी रुश्तू. त्यांच्याकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती, कारण सगळ्यांच्या मनात तेच होते. अठ्ठ्याण्णव साली शाळांत डोक्याला स्कार्फ बांधायला बंदी होती. हाजींची सुमेय्ये स्कार्फ बांधून शाळेत गेली, आणि फाटकात उभ्या होत्या उपमुख्याध्यापिका बेल्कीस हानिम. म्हणाल्या, काढ किंवा परत जा. पोरगी परत आली. हुशार होती, डॉक्टर व्हायचं म्हणायची. घरी बसली, मग लग्न झालं. एकाच इमारतीत, एकाच जिन्यानं ये-जा, आणि अठरा वर्षं हाजी बाईंना सलाम करतात तो भिंतीकडे बघून.

"तिकीट दोन सप्टेंबरचं आहे," टिजेन म्हणाली. "नाव यादीत गेलं की संपलं. पोरीचं बाळंतपण आईविना."

मग हाजी रुश्तूंनीच घसा खाकरला. "एक वाजता."

"काय एक वाजता?"

"झेंडा. मी चौकात चाललो होतो, राष्ट्राध्यक्षांचं बोलणं झाल्यावर. मान वर करून बघितलं, बाई झेंडा लावत होती. एक वाजता."

"आणि सकाळी नव्हता तो?" वेज्दी बेय.

"वाऱ्यानं उडाला."

"त्या रात्री वारा नव्हता, हाजी अबी," मी म्हणालो. "पानही हलत नव्हतं."

"विमानं चालली होती ना? विमानांचा वारा!" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तो वारा गालावर जाणवला.

ठरलं. एक वाजता लावला, विमानांच्या वाऱ्यानं उडाला. बेल्कीस हानिमना सांगायचं नाही, यावर सगळ्यांचं मिनिटात एकमत झालं. या इमारतीत लिफ्ट बसवायला अकरा वर्षं एकमत झालेलं नाही. पण त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तिथंच जिन्यात आम्हाला पायरीवर उभं केलं असतं.

मंगळवारी अकराला वेज्दी बेयच्या दिवाणखान्यात फौजदार यालचिन येऊन बसले. तिशीतला माणूस, डोळे लाल, तीन आठवडे झोपला नसावा. सोबत लॅपटॉप घेतलेला एक लेखनिक पोलीस. दोघे एकाच सोफ्यावर बसले होते पण मध्ये जागा सोडून. नंतर कळलं, फौजदारांचे साहेब आधल्याच आठवड्यात यादीत गेले होते, आणि ते नाव कुणी दिलं हे ठाण्यात कुणालाच माहीत नव्हतं. फौजदार बोलताना लेखनिकाच्या बोटांकडे बघत. लेखनिक टाइप करताना फौजदारांच्या तोंडाकडे. मला आमच्या इमारतीची आठवण झाली, आणि मी इमारतीतच होतो.

मी चहा देण्याच्या निमित्तानं आत राहिलो. हाजी रुश्तू पहिले. एक वाजता, विमानांचा वारा. वेज्दी बेय, एक वाजता, वारा. शिट्टी वाजवतील की काय असं वाटलं. टिजेन, एक वाजता. "झेंड्याचं पुढं काय झालं?"

"कबुतरं," टिजेन म्हणाली. घाबरली की तिच्या डोक्यातलं सगळं जातं. बाई तिला उगाच नापास करत नव्हत्या.

"कबुतरांनी झेंडा नेला?"

"म्हणजे... वारा आला, त्यानं कबुतरं उडाली." फौजदारांनी डोळे चोळले आणि "वारा" लिहा म्हणून लेखनिकाला सांगितलं. मग नूरहयात, मग मी. मी फक्त एवढंच म्हणालो, "एक वाजता, साहेब." जन्मात इतकं थोडक्यात मी कधी बोललो नव्हतो. त्यांना तिथंच संशय यायला हवा होता.

पाच सह्या झाल्यावर बेल्कीस हानिमना बोलावलं. त्या आल्या, बिल्ला लावून, पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या. फौजदारांनी घाईघाईनं सांगून टाकलं, म्हणजे त्यांनाही हे लवकर संपवायचं होतं. "तुमच्या पाच शेजाऱ्यांचा जबाब आहे की झेंडा तुम्ही एक वाजता, राष्ट्राध्यक्षांच्या हाकेनंतर लावला. बरोबर ना?"

बाईंनी एकेकाकडे पाहिलं. आम्ही दाराशी रांगेत, परीक्षेत चिठ्ठी सापडलेल्या पोरांसारखे. हाजींवर त्यांची नजर जरा जास्त थांबली.

"चूक," त्या म्हणाल्या. "सव्वाबाराला लावला."

टिजेननं नूरहयातचा दंड पकडला.

"तीस वर्षं राष्ट्रीय सणांच्या भाषणात जे शब्द मी म्हणत आले, तेच कुणीतरी टीव्हीवर वाचत होतं. मला वाटलं, वाचवायला आले. वाचणारीच्या पाठीशी बंदूक आहे का हे मी पाहिलं नाही. मग त्यांनी संसदेवर बॉम्ब टाकला. माझ्या संसदेवर. तेव्हा काढला. पावणेतीन वाजले होते. म्हणजे अडीच तास मी मूर्ख होते. हे लिहा."

लेखनिकाची बोटं थांबली. फौजदारांनी त्याच्याकडे पाहिलं. "जा, मला पाणी आण."

"इथं आहे की," लेखनिक म्हणाला. समोर भरलेला ग्लास होता.

"थंड आण!"

तो नाइलाजानं स्वयंपाकघरात गेला, दार मात्र उघडं ठेवून. फौजदार पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "हानिम, तुम्ही खरं बोलताय असं धरलं, तर हे पाचजण खोटं बोलले. एकसारखं खोटं, म्हणजे कट. आणि त्यातले पहिले हे हाजी. त्यांच्या पुतण्याचा कागद आधीच माझ्या पिशवीत आहे. आज मी तो काढायचा की नाही?"

"खोट्या साक्षीला काय होतं?"

"एरवी काय होतं ते मला माहीत आहे. आजकाल काय होतं ते मलाही माहीत नाही."

लेखनिक पाणी घेऊन आला. ग्लास अर्धा सांडलेला, धावत आला असणार. फौजदार सरळ बसले आणि मोठ्यानं सांगू लागले, "लिही. सदर महिला वृद्ध असून वयोमानामुळे तिची स्मरणशक्ती क्षीण झाली आहे. वेळेबाबतचे तिचे म्हणणे भरवशाचे नाही. शेजाऱ्यांचे जबाब ग्राह्य धरावेत."

एकतीस वर्षं मुलींना मूलद्रव्यांची आख्खी सारणी पाठ म्हणून दाखवणारी बाई. आजही सगळ्या गल्लीच्या वाढदिवसांच्या तारखा जिला माहीत, ती बाई. मी मनात म्हटलं, आता गेली. आता ही उठणार, शुद्धलेखनाच्या चुका काढणार, आणि आम्ही सगळे एका गाडीत बसून जाणार.

बाईंनी कागद मागितला. छपाईयंत्र पोलिसांनी सोबत आणलं होतं, छोटं, बॅगेतलं. कागद गरम बाहेर आला. बाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, मग पुन्हा वाचला. 

"सही कुठं करायची?" त्यांनी विचारलं.

"खाली, उजवीकडे."

त्यांनी सही केली. पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं. पेन टोपण लावून परत दिलं, उठल्या, आणि आमच्यासमोरून जाताना हाजी रुश्तूंपाशी थांबल्या. "रुश्तू बेय, सुमेय्येच्या बाबतीत..."

"आज नको," हाजी भिंतीकडे बघत म्हणाले.

"बरं."

मग त्या माझ्यापाशी आल्या. "शुक्रू. सव्वाबारा आणि पावणेतीन. दोन्ही वेळा इतक्या नेमक्या कुणी पाहिल्या असतील?"

"बाई, मी..."

"मी विचारत नाहीये. माझी स्मरणशक्ती क्षीण आहे. तू सांगितलंस तरी विसरेन." आणि त्या जिना चढून गेल्या, एकेका पायरीवर थांबत. नेहमी त्या एका दमात चढतात.

संध्याकाळी हाजी माझ्या दुकानात आले. पट मांडला, पण फासे टाकेनात. मला राहवेना म्हणून विचारलं, "हाजी अबी, तुम्ही का? सगळ्यांना वाटलं पत्र तुमचंच."

"तुलाही वाटलं."

"मला सगळ्यात आधी."

त्यांनी फासे मुठीत खुळखुळवले. "शुक्रू, त्या दिवशी फाटकात ती बाई माझ्या पोरीला म्हणाली, मी तुला थांबवतेय, माझं नाव बेल्कीस, तक्रार करायची तर माझ्या नावानं कर. आणि मी गेलो तर मला लेखी दिलं. खाली सही. तो कागद माझ्याकडे अजून आहे, रोज शिव्या देतो त्याला. पण सही आहे. या पत्राखाली काय आहे?" फासे टाकले. दोन आणि एक. "आणि दुसरं म्हणजे, जे तिच्या दारी आले ते उद्या माझ्या दारी येणार. एवढं मला कळतं. म्हातारा झालोय, पण माझी स्मरणशक्ती चांगली आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ते माझ्याबद्दल अजून विचार करतायत. मीही त्यांच्याबद्दल करत होतो. चांगलं कारण सांगता येतं म्हणजे माणूस सुटला असं थोडंच आहे? कारण आधीपासून तयार असेल तर?

पुढचे तीन आठवडे इमारत शांत होती, म्हणजे जिन्यात कुणी भेटलं की बोलणं हवेवरून सुरू होऊन हवेवरच संपायचं. वेज्दी बेयनी मुलासाठी दुसऱ्या गल्लीत घर बघितलं, किंवा बघितल्याचं सगळ्यांना सांगितलं. टिजेननं बाईंना प्रवासाच्या गोळ्या नेऊन दिल्या आणि त्या घेतल्या गेल्या का हे दोनदा विचारलं. नूरहयातनं बोरेक केलं. वर बशी गेली, बशी परत आली, त्यात बाईंच्या मुरंब्याची बरणी. पण अभिप्राय आला नाही. नूरहयात रात्रभर कूस बदलत होती. "मीठ बरोबर होतं का नाही, एवढंही सांगितलं नाही रे त्यांनी," म्हणाली. "म्हणजे पत्र माझंच, असं त्यांना वाटतंय."

ठाण्यातून काही कळलं नाही. पासपोर्ट चालू आहे की रद्द झाला, हे विचारायला जाणं म्हणजे आपणच आपलं नाव पुढं करणं. ते विमानतळावरच कळणार होतं. काच, काचेमागे पोलीस, त्याच्यासमोर पडदा. पडद्यावर काय येईल, ते त्या काचेसमोर उभं राहिल्यावरच.

दोन सप्टेंबरला सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना टॅक्सीत बसवलं आणि टॅक्सीमागे ओंजळभर पाणी ओतलं, जा पाण्यासारखी, ये पाण्यासारखी म्हणून. मग वेज्दी बेयच्या दिवाणखान्यात येऊन बसलो. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मध्ये टेबलावर वेज्दी बेयचा फोन. दहा वाजले, अकरा वाजले. चहा तीनदा झाला. विमान एकचं होतं.

बारा वाजून गेले आणि फोन वाजला. वेज्दी बेयनी सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"मी बोलतेय," बेल्कीस हानिम म्हणाल्या. मागे विमानतळावरचा गलका. "काचेपाशी मला एकवीस मिनिटं उभं केलं. पोलिसानं पडद्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्यानं वाचलं. मग मला मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं विचारलं, आजी, तुम्हाला एकटीला जमेल ना? कुठं चाललात आठवतंय ना?"

"मग?" पाचजण एकदम.

"मी म्हटलं, जमेल. त्यानं शिक्का मारला आणि माझी पर्स गेटपर्यंत उचलून आणली. मी आत आहे. पंधरा मिनिटांत बसवतील."

नूरहयातनं डोळ्यांना रुमाल लावला. टिजेन टाळ्या वाजवायला लागली. वेज्दी बेय "अल्लाची कृपा" म्हणाले. हाजी रुश्तूंनी फक्त मान हलवली.

आणि त्याच क्षणी मी त्या चौघांचे चेहरे भरभर बघून घेतले. मनाशी ठरवलंच होतं. चांगली बातमी येईल तेव्हा ज्याचा चेहरा अर्ध्या क्षणासाठी पडेल, तोच तो. रुमालामागे काही पडलं का? टाळ्या जरा जास्त जोरात नव्हत्या? कृपा म्हणताना ओठ वाकडे झाले का? हाजींची मान, ती हो म्हणून हलली की नाही म्हणून?

काहीच सापडलं नाही. कारण चौघंही मान वर करून बघत होते, टिजेन नूरहयातकडे, नूरहयात वेज्दी बेयकडे, वेज्दी बेय हाजींकडे. आणि मग हळूहळू सगळे माझ्याकडे. मी तोंडभर हसलो. मनापासून हसलो, शपथेवर सांगतो. पण हसताना मलाच वाटलं, जरा उशीर झाला.

"हॅलो?" फोनमधून बाई म्हणाल्या. "ऐकताय ना? सगळे इतके गप्प का?"